आत जागा नाही

११ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ऑफिसात ओरडता येत नाही, म्हणून आता पत्रं. सव्वीस वर्षं सायरनखाली बसून तू कान घालवलेस, त्यातून निदान भाचीचं अक्षर तरी सुधारेल.

बातमी अशी, की मला काम मिळालं. तेही तुझ्याच जुन्या गावात, तुझ्याच खात्याबद्दल. ॲम्ब्युलन्समधून नेलेल्या माणसांच्या घरी जायचं, समोर बसायचं आणि विचारायचं, की त्या गाडीत तुमच्यावर काय गुदरलं. गाडी किती मिनिटांत पोचली, किती जण वाचले, हे आकडे खात्याकडे ढिगाने पडलेत. आत आडव्या पडलेल्या माणसाला काय वाटलं, हे मात्र आजवर कोणी विचारलंच नाही. याला गुणात्मक संशोधन म्हणतात. चाळीस मुलाखती रेकॉर्ड करायच्या, शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा आणि त्यात पुन्हा पुन्हा काय येतं ते शोधायचं. पेशंट दगावला असेल, तर घरच्यांना विचारायचं. त्यावरून खातं आपले नियम बदलणार आहे म्हणे.

पण सुरुवातच फसली. पहिल्या तिघांना मी विचारलं, "कसं वाटलं?" तिघंही म्हणाले, "बरं वाटलं." चहा प्यायले आणि परत आले.

तू तर त्या गाडीत अर्धं आयुष्य काढलंस. सांग ना, काय विचारू?

तुझी,
खारुताई

ता.क. पाठीचा पट्टा लावतोस का? आई विचारत होती.


१९ जानेवारी

प्रिय खारुताई,

पट्टा लावतो. आईला सांग, लावतो. खुंटीला लावतो.

गुणात्मक म्हणजे आता आम्हाला गुण देणार की काय? दहापैकी किती? मला नापास करायचं असेल तर लवकर कर, निवृत्तीला दोन वर्षं होत आली, आता पुरवणी परीक्षेला बसायची ताकद नाही.

कसं वाटलं, असं विचारशील तर माणूस बरंच वाटलं म्हणणार. जेवून उठलेल्या पाहुण्याला विचारल्यासारखं आहे ते. स्ट्रेचरवर पडलेल्याला विचार, की छत कसं होतं. तो तासभर छताशिवाय काही बघत नाही. सोबत आलेल्याला विचार, तुम्हाला कुठे बसवलं, हातात काय होतं. एक बाई हॉस्पिटलपर्यंत कलथा घेऊन आली होती, शेवटी मी तो तिच्या हातातून सोडवून घेतला. माणसाला काय वाटलं ते त्याला सांगता येत नाही, पण हातात काय होतं ते बरोबर सांगतो आणि सांगता सांगता आपोआप मोकळा होतो.

दुसरं, समोरचा रडायला लागला की तू लगेच रडू नकोस. तू लहानपणापासून दुसऱ्याच्या खरचटलेल्या गुडघ्यावर रडणारी. रडणाऱ्या माणसाचं सगळंच खरं वाटतं. पाणी पी आणि थांब.

माझ्या वेळच्या ड्रायव्हरला भेट, तो अजून आहे नोकरीत. माझं नाव सांगितलंस तर चहा पाजेल, नाही सांगितलंस तर बिस्किटंही देईल.

तुझा मामा


२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझी युक्ती लागू पडली. छताचा प्रश्न विचारला आणि लोक धो धो बोलायला लागले. एका बेकरीवाल्याने छतातले स्क्रू मोजले होते, सव्वीस होते आणि एकाची जागा रिकामी होती. तो म्हणाला, "ती रिकामी जागा बघून मला वाटलं, मी काही वाचत नाही." एक शिंपीणबाई म्हणाल्या, "ते दोघं माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलत होते. हिला उचल, हिला धर. मी तिथंच होते की हो." ही वाक्यं रात्री डोक्यातून जात नाहीत.

पण खरं लिहायचंय ते एकाबद्दल. नाव सांगायची मला परवानगी नाही, म्हणून मास्तर म्हणते. शाळेत चित्रकला शिकवायचे. जिन्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत त्यांनी पेन्सिलीने काढलेले पक्षी फ्रेम करून लावलेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला सकाळी अचानक दम लागला. गाडी आली. त्या लोकांनी तिला खाली आणलं, त्यात एक फ्रेम पडून फुटली, हेही त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग ते तिच्यामागून गाडीत चढायला लागले, तर आतला माणूस म्हणाला, "तुम्ही पुढे बसा, आत जागा नाही." म्हणून ते ड्रायव्हरशेजारी बसले. मधल्या काचेतून त्यांना फक्त तिची पावलं दिसत होती. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर तिला थेट आत नेलं आणि पाऊण तासात ती गेली.

मामा, ते म्हणाले, "एक्केचाळीस वर्षं ती माझ्या शब्दाबाहेर गेली नाही. आणि शेवटचा शब्द ती एका परक्या माणसाशी बोलली. तो काय होता, एवढं मला कोणीतरी सांगावं." मी पाणी प्यायले, तू म्हणालास तसं. उपयोग झाला नाही. दोघंही रडलो.

मुलगा जहाजावर असतो, आठ-आठ महिने येत नाही. घरात सून आहे, अगदी अबोल. पाणी ठेवून गेली ती दाराशीच उभी राहिली. मला वाटतं ती अजून सासूच्या दुःखातून सावरलेली नाही.

आमच्या गाईड बाईंनी मुलाखत ऐकली आणि म्हणाल्या, हाच आपल्या अभ्यासाचा प्राण आहे. मला एवढंच सांग, नातेवाइकाला पुढे बसवायचं, असा खरंच नियम होता का?

तुझी,
खारुताई


३ मार्च

प्रिय खारुताई,

नियम असा नव्हता. पद्धत होती. आत जागा कमी असते, माणूस मध्ये मध्ये करतो, कोणी चक्कर येऊन पडतो. ज्याचा त्याने निर्णय घ्यायचा.

चाळीस मुलाखतींतल्या एकीवर सगळी इमारत उभी करू नकोस. इतरांचंही ऐक. त्या मास्तरांकडे पुन्हा जायची गरज नाही, असं मला वाटतं.

पाठ दुखते आहे, जास्त बसवत नाही.

मामा


२० मे

प्रिय मामा,

अडीच महिने तुला लिहिलं नाही, कारण मला राग आला होता. तो आला होता हे सांगायलाच आज लिहिते. माझा मामा, ज्याच्या मांडीवर बसून मी अपघातांच्या गोष्टी ऐकल्या, तो एका म्हाताऱ्या माणसाच्या दुःखापुढे "पद्धत होती" म्हणतो? तू तुझ्या खात्याची बाजू घेतलीस. सगळे घेतात. मी चौदा कर्मचाऱ्यांनाही भेटले, सगळ्यांनी तेच सांगितलं: जागा कमी, माणसं मध्ये येतात. मला तुझ्याकडून वेगळं हवं होतं.

असो. आता आनंदाचं. गेल्या आठवड्यात अहवाल सादर झाला. बाईंच्या सांगण्यावरून मी मास्तरांना विचारलं, की तुम्ही येऊन स्वतः बोलाल का. ते आले. इस्त्रीचा सदरा, खिशात पेन्सिल. वरचे सगळे अधिकारी बसले होते, ज्यांना आकड्यांपलीकडे काही कळत नाही अशी माणसं. मास्तर फक्त सहा मिनिटं बोलले. काचेतून तिची पावलं दिसत होती, एवढं सांगून थांबले. एका अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि तिथल्या तिथे ठरलं. पुढच्या महिन्यापासून घरातलं एक जवळचं माणूस पेशंटच्या शेजारी, आतच बसणार. सक्तीने. पुढे बसवायचं असेल तर लेखी कारण द्यावं लागेल. गाडीत तशी एक पट्ट्याची सीटही बसवताहेत. मामा, माझ्या कामाने एक नियम बदलला! चार वर्षं शिकले त्याचं चीज झालं. बाहेर आल्यावर मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता तरी चांगलं म्हण.

खारुताई


२ जून

खारुताई,

चांगलं म्हणता येत नाही. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं आहे, हे पाचवं. हे फाडणार नाही.

तो आतला माणूस मी होतो.

तू जिन्यावरच्या पक्ष्यांचं लिहिलंस तेव्हाच कळलं. ती फ्रेम माझ्याच कोपराने पडली. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. दार सुनेने उघडलं. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, ओठ निळे पडलेले, श्वास शिट्टीसारखा. खाली आणून गाडीत घेतलं, मास्क लावला. मास्तर मागून पायरीवर चढत होते. बाईंनी हाताने मास्क वर केला. मी म्हटलं, "आजी, मास्क काढू नका." त्या म्हणाल्या, "त्यांना आत घेऊ नका."

मी म्हटलं, "कोणाला?" त्यांनी हनुवटीने मास्तरांकडे दाखवलं आणि माझी बाही घट्ट धरली. एवढा दम लागलेल्या माणसाच्या हातात तेवढा जोर असत नाही. मी मागे वळून म्हटलं, "तुम्ही पुढे बसा, आत जागा नाही." जागा होती. दोन माणसं बसतील एवढी होती.

मग बीपी बघायला बाही वर केली. दंडावर चार बोटांच्या खुणा. पिवळ्या पडलेल्या. त्याच्याखाली जुन्या, त्याच्या बाजूला ताज्या. सव्वीस वर्षांत अशा खुणा मी इतक्या पाहिल्या आहेत, की कुठली पडून झाली आणि कुठली धरून, हे मला डोळे मिटून सांगता येतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाही खाली ओढली. हॉस्पिटल येईपर्यंत त्यांनी माझी बाही सोडली नाही. पुढे एक शब्दही बोलल्या नाहीत. तो शेवटचा शब्द मास्तर मागतात ना, तो हा.

मी तो कोणाला सांगितला नाही. फॉर्मवर "इतर निरीक्षणे" म्हणून एक रकाना असतो. तो मी कोरा सोडला. वाटलं, बाई तर गेल्या, आता मेलेल्या माणसाच्या दंडाचं लिहून कोणाचं भलं होणार? घरात सून आहे हे मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. दार तिनेच उघडलं होतं. तीही उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांत होती.

मार्चमध्ये तुला हे लिहायला हवं होतं. मला लाज वाटली. तू मला हुशार समजतेस, तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

मामा


१६ जून

मामा,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं. मग जिन्यात जाऊन बसले.

संध्याकाळी ती मुलाखत पुन्हा ऐकली. मी तीच आहे का, असं वाटलं. बत्तिसाव्या मिनिटाला ट्रे ठेवल्याचा आवाज येतो आणि मास्तर म्हणतात, "ठेव तिथे. जा." मी कागदावर उतरवलंय, "सून पाणी आणते." तीन शब्द मी गाळले, कारण मला ते महत्त्वाचे वाटले नाहीत. आणि "एक्केचाळीस वर्षं ती माझ्या शब्दाबाहेर गेली नाही" हे वाक्य मी कुठल्या मथळ्याखाली टाकलं होतं, माहीत आहे? जिव्हाळा. अहवालात पान एकोणीसवर तो शब्द ठळक छापलाय.

दुसऱ्या दिवशी गाईड बाईंना सगळं सांगितलं, तुझं नातं न सांगता. त्यांनी दार लावून घेतलं. शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "आपण खरं काय घडलं ते शोधत नाही, अनुभव शोधतो. मास्तरांचा अनुभव खोटा नाही."

मी म्हटलं, "आणि त्या बाईंचा?"

"त्या आपल्या यादीत नाहीत. गेलेल्या माणसाची मुलाखत कशी घेणार तू?"

मी म्हटलं, "नियम तरी थांबवू या."

त्या म्हणाल्या, "कशाच्या आधारावर? एका कर्मचाऱ्याने तीन वर्षांनी सांगितलेल्या आठवणीवर? ज्याने तेव्हा फॉर्म कोरा सोडला? उद्या तो आपली चूक झाकायला बोलतोय असं म्हणतील. आणि नियम वाईट नाही. इतर एकोणचाळीस जणांना तो हवाच होता." मामा, त्या वाईट नाहीत. त्यांचं एकही वाक्य मला खोडता आलं नाही.

मग मी मास्तरांच्या घरी गेले. मुलाखतीचा कागद वाचून दाखवायचा असतो, ते निमित्त होतं. मास्तर डोळे तपासायला गेले होते. सुनेने साखळी न काढता दार उघडलं.

"ते नाहीत."

"मी तुम्हालाच भेटायला आले."

"मला काय विचारता? मी गाडीत नव्हते."

"घरात तर होतात."

तिने माझ्यामागे रस्त्यावर कोणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही मागे येऊन गेलात ना, त्यानंतर तीन दिवस ते खूप चांगले होते. सभेनंतर तर आठवडाभर. अधूनमधून येत जा. पण माझ्याशी बोलायला नको." मी माझा नंबर लिहून दिला. तिने तो वाचला आणि फटीतून परत माझ्या हातात दिला. "घरात सापडायला नको," म्हणाली. तिला माहेर राहिलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं होतं का, विचारलं, तर हसली.

तू काही करू नकोस. हात जोडते. मी इथल्या महिला मदत केंद्रात बोलले, त्या म्हणतात, तिने स्वतः यायला हवं. मी बघते काय करता येतं ते. तू नको.

खारुताई


९ जुलै

खारुताई,

तू नको म्हणालीस. मी गेलो.

चार तासांचा बसचा प्रवास. वाटेत वाक्यं पाठ करत होतो, शाळेतल्या भाषणासारखी. मास्तर, तुमची बायको म्हणाली, त्यांना आत घेऊ नका. एवढंच बोलायचं आणि तोंडावर बोलायचं. तीन वर्षं कोरा ठेवलेला रकाना भरायचा, असं ठरवून गेलो होतो.

दार मास्तरांनीच उघडलं. मला बघताक्षणी म्हणाले, "तुम्हीच ते." हाताला धरून आत नेलं. मऊ हात आहे त्यांचा. खुर्ची पुसून दिली. सुनेला हाक मारली. ती ट्रे घेऊन आली आणि मला ओळखलं तिने. मास्तर समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून, माझ्या कानात ओरडून विचारलं, "काय म्हणाली ती? सांगा."

मी तोंड उघडलं. त्यांच्या खांद्यावरून मला सून दिसत होती. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी काही खुणावलं नाही. फक्त ट्रे टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून पाठ भिंतीला लावली. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की मी जे बोलेन ते बोलून बसने घरी जाणार आणि ही इथेच राहणार. मी आणलेल्या खऱ्याची वसुली या भिंतीपाशी होणार.

मी म्हटलं, "तुमचंच नाव घेत होत्या."

मास्तर ढसाढसा रडले. मग मागे वळून तिला म्हणाले, "ऐकलंस? ऐकलंस ना?" ती म्हणाली, "हो." ओठांवरून कळलं.

त्यांनी जिन्यावरचा एक पक्षी काढून मला भेट दिला. नको म्हणता येईना. ते कागदात गुंडाळायला आत गेले, तेवढ्यात सून फाटकापर्यंत माझ्यामागे आली आणि काहीतरी बोलली. हळू बोलली, खाली मान घालून. मला ऐकू आलं नाही, पोरी. एक वाक्य होतं, दोन-तीन शब्दांचं. मी म्हटलं, "काय?" आणि बहिऱ्या माणसासारखं मोठ्याने म्हटलं. मास्तर दारात आले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बस. मी पुन्हा विचारलं नाही.

बसमध्ये चारही तास त्या ओठांच्या हालचाली जुळवत होतो. कधी वाटतं, "बरं केलंत" म्हणाली. कधी वाटतं, "मला घेऊन चला" म्हणाली. तू तिला एकदा भेटून विचारशील का? नाही, नको विचारूस.

मामा


२८ ऑक्टोबर

प्रिय मामा,

मधल्या महिन्यांत दोनदा तिच्या रस्त्यावरून गेले. एकदा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, मला पाहून आत गेली. मदत केंद्रातून एक बाई जनगणनेचं निमित्त करून जाऊन आल्या. मास्तरांनी त्यांना सगळे पक्षी दाखवले.

आता नव्या नियमानंतरच्या आणखी चाळीस मुलाखती चालू आहेत. गेल्या मंगळवारी वीस पेशंटची नवी यादी आली, त्यात तो पत्ता होता. उजवा खांदा निखळलेला, दोन बरगड्या मोडलेल्या. दुसऱ्या कोणाला पाठवा, असं मी बाईंना म्हणू शकले असते. मी गेले, कारण दुसरं कोणी गेलं तर त्याला काहीच माहीत नसणार.

वॉर्डात खिडकीजवळचा पलंग होता. मास्तर शेजारी स्टुलावर बसले होते, तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन. मी म्हटलं, "मास्तर, मुलाखत एकटीची घ्यावी लागेल, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?" ते हसले. म्हणाले, "जवळच्या माणसाला बाहेर काढायचं नाही, हा नियम तुम्हीच केलात ना? मी बोलणार नाही. तुम्ही विचारा."

मी नर्सकडे गेले. तिने आदल्या दिवशीच मास्तरांना औषध आणायला पाठवून सुनेला एकटीला विचारलं होतं. ओल्या फरशीवरून घसरले, असं तिने सांगितलं आणि तशी सहीही केली, डाव्या हाताने. तिची सही आहे म्हटल्यावर नर्स तरी काय करणार. मी गाडीवरच्या मुलीलाही गाठलं. नवी आहे, तेवीस वर्षांची. ती म्हणाली, "मला शंका आली होती. पण ते सगळा वेळ आत बसले होते. त्यांना पुढे बसवायचं तर लेखी कारण द्यावं लागतं. काय लिहिणार? आणि त्यांच्यासमोर तिला काय विचारणार?"

मग मी पलंगापाशी परत आले आणि रेकॉर्डर चालू केला. छत कसं होतं, विचारलं. ती म्हणाली, "पांढरं." सोबत कोण होतं? "सासरे." कुठे बसले होते? "इथेच. असेच." गाडीतली माणसं नीट वागली का? "हो. चांगली आहेत." आणखी काही सांगायचंय?

मास्तरांनी हातावर थोपटलं. ती म्हणाली, "मध्ये एक गाडीवरचे काका घरी येऊन गेले. सासूबाई शेवटी यांचंच नाव घेत होत्या, असं सांगून गेले. मी त्यांना फाटकापाशी म्हटलं होतं, तुम्ही पण? त्यांना ऐकू आलं नाही वाटतं."

मास्तरांनी विचारलं, "काय म्हटलं होतंस?" ती म्हणाली, "काही नाही. पुन्हा या, म्हटलं होतं."

हे तुला लिहावं की नाही, आठ दिवस ठरत नव्हतं. पण तू एकदा माझ्यापासून लपवलंस आणि मी त्यावर एक नियम उभा केला. आता आपण दोघांनी एकमेकांपासून काही लपवू नये.

मुलाखत मी शब्दाला शब्द उतरवून बाईंच्या टेबलावर ठेवली, सोबत माझं दोन पानी टिपण. बाईंनी दोन्ही वाचलं. टिपण त्यांनी कुलपात ठेवलं. मुलाखत चाळीसपैकी एक म्हणून मोजली गेली. नातेवाइकाची सोबत, अनुभव समाधानकारक.

काल तिला घरी सोडलं. मी वॉर्डाच्या दारात उभी होते. मास्तरांनी टॅक्सी दारापर्यंत आणवली, तिला जपून आत बसवलं, खांद्याला धक्का लागू नये म्हणून मागे उशी दिली. मग दुसऱ्या बाजूने वळसा घालून गेले आणि तिच्या शेजारी बसले.

खारुताई